विहीर बुजवू नका, पोरांना पोहायला शिकवा



या सदरात एरवी मी बियाणे, खते, कीडरोग याबद्दल लिहितो. आज शिवार सोडून थोडा शाळेकडे वळणार आहे. कारण असे की, हल्ली गावोगाव फिरताना बांधावर उभे राहून लोक मला पिकापेक्षा पोरांबद्दल जास्त विचारतात. "साहेब, शाळेत संगणक आलाय, इंटरनेट आलंय. पोरगं त्यात काय बघतं ते आम्हाला कळत नाही. हे चांगलं म्हणायचं का वाईट?" मी आपला "चांगलेच आहे" म्हणून पुढे जात असे. गेल्या महिन्यात ती वेळ माझ्याच घरावर आली, तेव्हा कळले की एवढे बोलून भागत नाही.

घडले ते सांगतो. त्यात चूक माझीही होती, म्हणून लिहावे की नाही, असे दोन दिवस मनात चालले होते. पण औषधाची मात्रा चुकली तर ती चारचौघांत सांगा, म्हणजे दुसऱ्याचे पीक वाचेल, असे मीच तुम्हाला इतकी वर्षे सांगत आलो आहे. मग स्वतःची चूक झाकून कसे चालेल?

भाच्याची गोष्ट

नोकरीमुळे माझे बिऱ्हाड नवी मुंबईत आहे. धाकट्या बहिणीचे घर कर्जत तालुक्यात, दीड एकर भातशेती. गावातली शाळा सातवीपर्यंतच. म्हणून गेल्या वर्षी तिचा मुलगा आमच्याकडे शिकायला आला. "दादा, पोराला तुझ्या ओटीत घालते," असे म्हणून बहीण डोळे पुसत एस.टी.त बसली. जबाबदारी मोठी होती. आता तो नववीत आहे.

त्याच्या शाळेत संगणकाची खोली आहे. गावाकडून आलेल्या पोराला त्याचे काय अप्रूप! रोज नवे काहीतरी शिकून यायचा आणि मामीला दाखवायचा. मी मात्र पहिल्याच दिवशी त्याला समोर उभे करून बजावले होते, "तुझी एक जरी तक्रार आली, तर मोबाइल काढून घेईन आणि गावाला परत पाठवून देईन." मला वाटले, चांगला भक्कम बांध घातला.

गेल्या महिन्यात हा मुलगा अचानक गप्प झाला. ताटातले अन्न तसेच राहू लागले. सौ. म्हणाली, "याला बरे दिसत नाही." त्याला विचारले तर "अभ्यास आहे" एवढेच उत्तर. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी शाळेतून बोलावणे आले. भाच्याच्या खात्यावरून वर्गाच्या गटावर एका शिक्षिकेबद्दल फार घाणेरडा मजकूर गेला होता. तो मजकूर मी वाचला आणि मान खाली घातली. मला इतका संताप आला होता की, हात उगारायचाच बाकी होता.

तो म्हणाला, "मामा, मी नाही लिहिले."

"मग आठ दिवस तोंड का शिवले होतेस?"

"तुम्हीच म्हणाला होता, तक्रार आली तर गावाला पाठवीन."

त्या एका वाक्यापुढे मला उत्तर सुचले नाही. मी घातलेल्या बांधाने बाहेरचे पाणी अडले नव्हते, आतलेच तुंबले होते.

मुख्याध्यापक अनुभवी होते. त्यांनी संगणक खोलीचे रजिस्टर मागवले. कोणत्या तासाला, कोणत्या यंत्रावर, कोण बसले, याची त्यात रोज नोंद आणि सही. भाचा तिसऱ्या तासाला बसला होता. घंटा झाली, मुले पळाली, आणि हा आपले खाते तसेच उघडे टाकून उठला. चौथ्या तासाला त्या जागी दुसऱ्या तुकडीतला मुलगा बसला. मजकूर गेल्याची वेळ चौथ्या तासातली होती. त्या मुलाला बोलावले, तर तो रडायलाच लागला. "गंमत म्हणून केले," म्हणाला. मुख्याध्यापकांनी त्याला शाळेतून काढले नाही. पालकांना बोलावून घेतले, मुलाने बाईंची माफी मागितली, आपणच ते लिहिले असे वर्गापुढे सांगितले आणि प्रकरण मिटले.

मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. ते रजिस्टर नसते तर? निर्दोष पोर डोक्यावर डाग घेऊन गावाला गेले असते, आणि पाठवणारा मीच असतो.

विहीर आणि पोर

हे ऐकून दाजी म्हणाले, "त्यापेक्षा तो संगणकच नको." दाजींना मी जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो. विहिरीत पोर पडेल म्हणून आपण विहीर बुजवतो का? नाही. आपण विहिरीला कठडा बांधतो. पोराच्या पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून त्याला पाण्यात सोडतो. आणि तो हातपाय मारत असताना काठावर कोणीतरी पोहणारा माणूस उभा राहतो. कठडा, डबा आणि काठावरचा माणूस, या तिन्ही गोष्टी लागतात. शाळेतल्या संगणकाचेही तसेच आहे.

शिवाय हे पाणी आपल्या गावात आता आले असे नाही. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ साली, वारणानगरच्या परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद आणि कारखान्याची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्यामागचा हेतू. केंद्र सरकारने २००४ साली शाळांत संगणक देण्याची योजना आणली. २०१७ साली 'दीक्षा' हे अभ्यासाचे व्यासपीठ आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तोही एका खेड्यातल्या शाळेतून. तेव्हा हे यंत्र आपल्या पोरांसाठी नाही, असे कोणी म्हणू नये. दीड एकरवाल्याच्या पोराला त्याची गरज बंगलेवाल्याच्या पोरापेक्षा जास्तच आहे.

पुसले म्हणजे गेले नव्हे

मी राहतो त्या भागाकडे पाहा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. जिथे भातखाचरे आणि मिठागरे होती, तिथे इमारती आल्या. आज ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी 'डेटा सेंटर' आहेत. बाहेरून पाहिले तर गोदामासारखी इमारत. आत माणसे थोडी, आणि ओळीने मांडलेली हजारो यंत्रे रात्रंदिवस चालू. लोकांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो, पत्रे, हिशेब अशाच यंत्रांत साठवलेले असतात.

एका रविवारी मी भाच्याला त्या रस्त्याने नेले आणि बाहेरूनच इमारत दाखवली. म्हटले, "तुला वाटते की फोटो हवेत जातो. तो हवेत जात नाही, अशा कोठारात जाऊन पडतो. कणगीतले धान्य काढले की कणगी रिकामी होते. इथे तसे नाही. तू तुझ्या पडद्यावरून पुसलेस, तरी ज्याच्याकडे गेले त्याच्याकडे ते राहतेच. त्याने दहा जणांना पाठवले असेल तर दहा ठिकाणी राहते." पोराला ते पटलेले दिसले. आपल्या घरातही मुलांना पहिली गोष्ट हीच सांगा. चावडीवर उभे राहून मोठ्याने बोलता येणार नाही, ते संगणकावरही लिहू नये.

कठडा : शाळेकडून काय मागावे

शाळेत जाऊन विचारायला आपण बिचकतो. "आपल्याला त्यातले काय कळते," असे वाटते. पण बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल पाहायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. तशाच या साध्या गोष्टी आहेत. शाळेत जाऊन एवढे विचारा :

१. संगणक खोलीत रजिस्टर आहे का? कोण, कोणत्या यंत्रावर, किती ते किती बसला, याची नोंद होते का? त्या एका वहीने माझ्या भाच्याची अब्रू वाचवली.

२. प्रत्येक मुलाचे खाते आणि पासवर्ड वेगळा आहे का, की सगळ्या वर्गाला एकच? सगळ्या आळीला एकच किल्ली दिली तर चोरी कोणी केली हे कळणार नाही.

३. संगणकाचे पडदे शिक्षकांना दिसतील असे मांडले आहेत का? मुले बसली असताना खोलीत शिक्षक असतात का?

४. नको त्या गोष्टी उघडू नयेत म्हणून गाळणी बसवली आहे का? गाळणीतूनही काही निसटतेच, म्हणून ती असली तरी शिक्षक हवेतच.

५. नियम मराठीत लिहून भिंतीवर लावले आहेत का, आणि पालकांना वाचून दाखवले आहेत का?

६. मुलांचे फोटो, नावे, पत्ते शाळा बाहेर कुठे टाकते का? टाकण्यापूर्वी पालकांना विचारते का?

हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. विशेषतः भगिनींनी बोलावे. मुलगी घरी येऊन आधी आईलाच सांगते.

डबा : मुलांच्या अंगी लागायच्या सवयी

आता मुलांसाठी. हे भाच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे, तसे तुमच्या घरातल्या मुलांकडून वाचून घ्या.

पहिली सवय, उठताना दार लावणे. काम झाले की खात्यातून बाहेर पडायचे, ज्याला मुले 'लॉगआउट' म्हणतात. संगणक "पासवर्ड लक्षात ठेवू का?" असे विचारतो. शाळेच्या यंत्रावर त्याला नेहमी "नको" म्हणायचे. घंटा झाली तरी अर्धा मिनिट थांबा. गोठ्याचे फाटक लावल्याशिवाय आपण घरी जात नाही, तसेच हे.

दुसरी, पासवर्ड जिवलग मित्रालाही सांगायचा नाही. आणि दुसऱ्याचे खाते उघडे दिसले तर त्यात हात न घालता बंद करायचे. कोणी वाईट हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड वापरला, तर २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलाने ते "गंमत म्हणून केले" असले, तरी कायद्याच्या लेखी ती गंमत राहत नाही.

तिसरी, शाळेच्या संगणकावर बँक, आधार, सातबारा, शिष्यवृत्तीचे पैसे यांची कामे मुलांनी एकट्याने करायची नाहीत. वडिलांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. ओटीपी म्हणजे तिजोरीची एका वेळेपुरती किल्ली. ती मागणारा बँकेचा माणूस नसतो, चोर असतो.

चौथी, बाहेरून आणलेला पेनड्राइव्ह शिक्षकांना विचारल्याशिवाय लावायचा नाही. रोगट रोप एक आणले तर सगळी रोपवाटिका जाते, हे आपल्याला माहीत आहे. संगणकाचा व्हायरसही तसाच पसरतो. फुकट खेळ, फुकट गाणी म्हणून जे दिसते, ते उतरवून घेण्यापूर्वी विचारावे.

पाचवी, अनोळखी माणसाला नाव, गाव, शाळा, फोटो द्यायचा नाही. गणवेशातला फोटो टाकला की शाळा कोणती हे आपोआप कळते. पडद्यावर बारा वर्षांची मैत्रीण म्हणवणारी व्यक्ती पन्नास वर्षांचा पुरुषही असू शकते. कोणी म्हणाले, "हे घरी सांगू नकोस," तर ते त्याच दिवशी घरी सांगायचे.

सहावी, पैशाच्या खेळापासून दूर राहायचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तरीही वाट शोधून देणारे भेटतात. पत्त्यांच्या अड्ड्यावर मुलाला पाठवणार नाही, तर पडद्यावरच्या अड्ड्यावरही जाऊ देऊ नका.

सातवी सवय जरा सविस्तर सांगतो. संगणक सांगतो ते सगळे खरे मानायचे नाही. प्रश्न टाकला की लगेच उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता निघाली आहेत. भाच्याने शाळेच्या प्रकल्पासाठी भाताला खत किती द्यावे, असे विचारले. भाषा कशी सफाईदार! "एकरी १०० किलो नत्र." मी थबकलो. कोकणात सुधारित भाताला शिफारस आहे ती हेक्टरी १०० किलो नत्राची, म्हणजे एकरी ४० किलो. एकर आणि हेक्टरचा घोळ झाला होता. ते मानून खत टाकले असते तर अडीचपट पडले असते. भात लोळला असता, करपा वाढला असता आणि पैसा गेला तो वेगळाच. भाच्याला म्हटले, "उत्तर घे, पण दोन ठिकाणी ताडून पाहा. कृषी विद्यापीठाचे पुस्तक काय म्हणते, सरकारी संकेतस्थळ काय म्हणते ते बघ. आणि वडिलांना विचार, त्यांनी तीस वर्षे भात लावला आहे." शिवाय दुसऱ्याचे लिहिलेले जसेच्या तसे उतरवून आपले म्हणून देणे, ही चोरीच. त्यात शिक्षक फसोत वा न फसोत, मुलगा मात्र शिकायचा राहून जातो.

काठावरचा माणूस : हे काम आपले

कठडा शाळेने बांधला, डबा पोराने बांधला, तरी काठावर माणूस नसेल तर उपयोग नाही. तो माणूस म्हणजे आई-वडील, आजी-आजोबा, मामा-मामी. संगणक येत नसला तरी हे काम करता येते.

कपाशीवर बोंडअळी पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा रोज सकाळी शेतात चक्कर मारा, पाने उलटून पाहा, असे मी सांगत असतो. मुलांच्या बाबतीतही हीच पाहणी. रात्री जेवताना एक प्रश्न विचारा, "आज संगणकावर काय पाहिलेस? मलाही दाखव की." पोलीस विचारतो तसे विचारू नका. शिकायला बसल्यासारखे विचारा. पोराला शिकवायला फार आवडते. माझ्या भाच्याने मला संदेश कसा खोडायचा, कोणाला कसे अडवायचे हे शिकवले. आठवड्यात त्याच्या तोंडचे कुलूप निघाले.

मूल अचानक गप्प झाले, जेवेनासे झाले, मोबाइल वाजला की दचकू लागले, शाळेत जायला टाळू लागले, तर पाने पिवळी पडल्यासारखे समजा. कारण मुळाशी असते. माझ्या घरी आठ दिवस ही लक्षणे दिसत होती. सौ.ने ती ओळखली होती, मी नाही.

मोबाइल ओटीवर किंवा माजघरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वापरू द्या. रात्री तो मुलांच्या उशाशी नको, देवळीत ठेवा. ज्या मोबाइलला बँकेचे खाते जोडले आहे, तो शक्यतो मुलांच्या हाती देऊ नका. आणि आपण स्वतः जेवताना मोबाइल बाजूला ठेवा. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

याबाबतीत सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने चांगला धडा घालून दिला. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातातून मोबाइल सुटेना. तेव्हा गावाने ठराव केला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तो अमलात आणला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला लोक हसले. मग ग्रामपंचायत, शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई घरोघर फिरल्या, तेव्हा लोकांना ते पटू लागले. त्या गावाने यंत्र फोडले नाही की कोणाला मारले नाही. नियम केला तो सगळ्यांना सारखा, मोठ्यांनाही. म्हणूनच पोरांनी तो ऐकला.

काही घडलेच तर

इतके करूनही एखादे वेळी काही घडते. तेव्हा डोके शांत ठेवा. पहिली गोष्ट, मुलावर ओरडू नका. "बरे केलेस, सांगितलेस," हे शब्द आधी तोंडून निघाले पाहिजेत. दुसरी, मजकूर पुसू नका. त्याचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ वहीत लिहा. पण मुलाचे वा मुलीचे अश्लील चित्र असेल, तर ते कोणालाही, 'पाहा काय चालले आहे' म्हणूनसुद्धा, पुढे पाठवू नका. तसे पाठवणे हाच गुन्हा आहे. मोबाइल तसाच ठेवून थेट पोलिसांकडे जा.

पैसे गेले असतील तर घटकाही न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे वाटेतच गोठवण्याची आशा जास्त. 'सकाळी बँकेत जाऊन बघू' म्हणाल तर पाणी पाटातून निघून गेलेले असेल. इतर तक्रारी 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर करता येतात. मुलांच्या अश्लील चित्रांबद्दलची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. मूल संकटात असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, तो मूल स्वतःही लावू शकते. तातडीची गरज असेल तर ११२. हे तीन क्रमांक आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, जिथे आपण गाय व्यायल्याची तारीख लिहितो तिथेच.

घरातला करार

शेवटी माझ्या घरी काय झाले ते सांगून थांबतो. त्या प्रकारानंतर रविवारी बहीण आणि दाजी आले होते. सगळ्यांसमोर मी भाच्याला जवळ बसवले आणि म्हटले, "बाळ, मी तुला गावाला पाठवीन म्हणालो होतो, तो शब्द परत घेतो. तुझ्याकडून चूक होईल. दुसऱ्याच्या चुकीचे खापरही तुझ्यावर फुटेल. काहीही झाले तरी त्याच संध्याकाळी येऊन मला सांगायचे. सांगितलेस म्हणून तुझा मोबाइल जाणार नाही, शाळा तर मुळीच जाणार नाही. चूक असेल तर ती निस्तरायला मी तुझ्याबरोबर येईन."

पोर काही बोलले नाही. बहिणीने पदर डोळ्याला लावला. पण गेल्या बुधवारी संध्याकाळी मी बूट काढतोय तोच तो समोर आला. "मामा, आज एका अनोळखी माणसाने मला फोटो मागितला. मी दिला नाही. तुम्हाला दाखवू का?"

मी म्हटले, "दाखव." आणि दोघे मिळून त्या माणसाला अडवून टाकले. नंतर तो पोटभर जेवला.

या आठवड्यात एवढे करा. एकदा शाळेत जाऊन रजिस्टर आहे का ते पाहा. आणि आज रात्री आपल्या मुलाला सांगा, "काहीही झाले तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही." हे नुसते सांगून चालणार नाही, पाळावेही लागेल. पुढील अंकात पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे, भाताच्या बीजप्रक्रियेकडे वळू.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)